तुरुंगात व्हेप चालू द्यावं का? सोलापुरातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा कारागृहात मुलाखतीला जाणारे नातेवाईक, बंद्यांचे वकील आणि आत ड्युटी करणारे कर्मचारी यांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. आमचं मत आधीच सांगतो. आपल्या तुरुंगात व्हेप येऊ नये. पण एवढं बोलून विषय संपवणं आम्हाला मान्य नाही. ज्या माणसाची तंबाखू अटकेच्या क्षणी तुटते, त्याला तलफेवरचं औषध मिळालं पाहिजे, आणि ते मागण्याचा रस्ता आजच्या कायद्यात आहे.

व्हेप म्हणजे नेमकं काय?

बॅटरीवर चालणारी नळी. आत लिथियम-आयन सेल असतो, तारेची बारीक कॉइल असते, कॉइलभोवती कापूस आणि त्या कापसात मुरलेला द्रव. माणूस झुरका घेतो तेव्हा हवेच्या दाबाने सेन्सर चालू होतो, कॉइल तापते आणि द्रवाचे सूक्ष्म थेंब छातीत जातात. या द्रवात प्रोपिलीन ग्लायकोल, ग्लिसरीन, वास-चवीची रसायनं आणि बहुतेक वेळा निकोटिन असतं. ब्रिटनमध्ये कायद्याने मर्यादा घातली आहे ती एका मिलिलीटरला २० मिलिग्रॅम निकोटिन आणि टाकी जास्तीत जास्त २ मिलिलीटर. म्हणजे भरलेल्या एका नळीत ४० मिलिग्रॅमपर्यंत निकोटिन. आपल्याकडे चोरून विकल्या जाणाऱ्या मालावर यातलं एकही बंधन नाही, आणि वेष्टनावरच्या आकड्यावर विश्वास ठेवायला आधार नाही.

भारतात हे कायदेशीर आहे का? निकोटिन नसलेलं तरी चालतं का?

दोन्हींचं उत्तर नाही. १८ सप्टेंबर २०१९ ला केंद्राने अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात संसदेचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठा आणि जाहिरात, सगळ्यावर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठ्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

व्याख्या मुद्दाम रुंद ठेवली आहे. कोणताही पदार्थ तापवून ओढण्याजोगी वाफ करणारं विजेचं उपकरण त्यात येतं, मग त्यात निकोटिन असो वा नसो. ई-हुक्का येतो, तंबाखू न जाळता तापवणारी यंत्रंही येतात. वगळली आहेत ती फक्त औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायद्याखाली परवाना असलेली उत्पादनं. हा अपवाद लक्षात ठेवा, कारण निकोटिनच्या औषधांना या बंदीची आडकाठी नाही.

मग महाराष्ट्र सरकार किंवा कारागृह अधीक्षक आपल्या पातळीवर परवानगी देऊ शकतात का?

नाही. तुरुंग हा राज्यसूचीतला विषय आहे हे खरं, आणि जेलची नियमावली राज्य ठरवतं हेही खरं. पण व्हेपवरची बंदी संसदेच्या कायद्याने आलेली आहे. नियमावलीत एक ओळ घालून किंवा कँटीनच्या यादीत एक वस्तू वाढवून ती उठत नाही. संसदेने कायदा बदलल्याशिवाय आत एकही नळी रीतसर विकता येणार नाही.

नातेवाइकाने मुलाखतीत किंवा कोर्टाच्या आवारात हातात दिलं तर?

१८९४ च्या तुरुंग कायद्याचं ४२ वं कलम याचसाठी आहे. नियमाने मनाई असलेली वस्तू आत नेली, नेण्याचा प्रयत्न केला, किंवा तुरुंगाच्या हद्दीबाहेर बंद्याला पुरवली, तरी गुन्हा होतो. यातला शेवटचा भाग लोकांना माहीत नसतो. तारखेला कोर्टात आणलेल्या माणसाच्या खिशात पुडी सरकवणं हे ‘जेलबाहेर’ आहे म्हणून सुटका होत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाची रक्कम १८९४ ची आहे, पण कैद खरीच आहे. कलम ४३ नुसार डोळ्यांदेखत असा प्रकार घडला आणि माणसाने नाव-पत्ता सांगितला नाही तर तुरुंगाचा कर्मचारी त्याला तिथेच धरू शकतो. कलम ४४ प्रमाणे या मनाईचा आणि शिक्षेचा फलक तुरुंगाबाहेर ठळक जागी, इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत, लावावा लागतो. पहिल्या मुलाखतीला जाल तेव्हा तो वाचा.

व्हेप असेल तर २०१९ चा कायदाही लागू शकतो. नळीत गांजाचा अर्क निघाला तर एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा लागतो, आणि तिथे जामिनाची गोष्टच बदलते. शिवाय आतल्या माणसावर तुरुंगातल्या शिस्तभंगाची नोंद होते. मुलाखत, सवलत, पुढे पॅरोल, फर्लोसारख्या रजा, सगळीकडे ती नोंद आडवी येते. प्रेमापोटी दिलेली एक पुडी त्याला महागात पडते.

परदेशात तर जेलमध्ये व्हेप विकतात. तिथे काय झालं?

इंग्लंड आणि वेल्समध्ये तुरुंग टप्प्याटप्प्याने धूरमुक्त करायला २०१६ च्या जानेवारीत सुरुवात झाली आणि २०१८ पर्यंत बंदिस्त तुरुंगांत ते पूर्ण झालं. तंबाखू बंद करण्याआधी त्यांनी कँटीनमध्ये व्हेप आणलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. स्कॉटलंडने ३० नोव्हेंबर २०१८ पासून सगळ्या तुरुंगांत धूम्रपान बंद केलं आणि सुरुवातीला कैद्यांना व्हेपचे संच दिले. बंदीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात हवेतले धुराचे बारीक कण सुमारे ८० टक्क्यांनी घटल्याचं तिथल्या मोजणीत दिसलं. वॉर्डरच्या छातीत जाणारा धूर एका आठवड्यात एवढा कमी होणं ही मोठी गोष्ट आहे, आणि ती मान्य केली पाहिजे.

दुसरं टोक ऑस्ट्रेलियाचं. व्हिक्टोरिया राज्यात १ जुलै २०१५ पासून धूम्रपानबंदी लागू होणार होती, आणि आदल्या दिवशी मेलबर्नच्या मोठ्या कच्च्या कैद्यांच्या तुरुंगात दंगल उसळली. न्यूझीलंडने १ जुलै २०११ पासून तुरुंग धूरमुक्त केले, तेही व्हेप न देता. वर्षभर आधी तारीख जाहीर करून आणि निकोटिनच्या पट्ट्या व समुपदेशन देऊन त्यांनी हे केलं. अमेरिकेत काही काउंटी (जिल्हा) जेलमध्ये खास मऊ प्लॅस्टिकचं, एकदाच वापरायचं व्हेप विकतात, आणि त्यातून जेलला पैसा मिळतो. ते उत्पन्न हेच विक्रीचं मोठं कारण होऊन बसतं. व्यसनावर चालणारी कमाई तुरुंगाच्या हिशेबात यावी, हे आम्हाला चूक वाटतं.

इंग्लंडला जमलं ते आपल्याला का जमणार नाही?

कारण तिथला प्रश्न सिगारेटच्या धुराचा होता. आपला तो नाही. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात तंबाखू वापरणारे २६.६ टक्के निघाले. त्यात ओढणारे ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे आत येणारा माणूस बहुधा चुना-तंबाखू मळणारा, मावा खाणारा किंवा मशेरी लावणारा असतो. त्याच्या हाती व्हेप देणं म्हणजे गालात तंबाखू धरणाऱ्याला छातीत वाफ ओढायला शिकवणं. इंग्लंडात माणूस जास्त घातक सवयीकडून कमी घातक सवयीकडे गेला. इथे तोंडाच्या सवयीला फुप्फुसाची सवय नव्याने चिकटेल.

दुसरं कारण जागेचं. इंग्लंडात व्हेप ओढायला मुभा आहे ती मुख्यतः कोठडीत, जिथे एक किंवा दोन माणसं राहतात आणि भिंतीत वीजजोडणी असते. आपल्याकडे बराक असते. देशातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस क्षमतेच्या १३१.४ टक्के माणसं होती आणि त्यातले ७५.८ टक्के न्यायाधीन. बिछान्याला बिछाना लागून झोपलेल्या बराकीत दहा जणांनी वाफ सोडली तर ती उरलेल्या सगळ्यांच्या नाकात जाणार. त्यांच्यात दमेकरी असतात, क्षयाचे औषधोपचार चालू असलेले असतात.

चार्जिंगचं काय? नुसता एक पॉइंट दिला की झालं ना?

इथे सगळी योजना मोडते, म्हणून जरा सविस्तर.

बराकीत बंद्याच्या हाताशी प्लग नसतो, आणि तो नसण्यालाच अर्थ आहे. जो चार्जर व्हेप भरतो तोच मोबाइल भरतो. आत मोबाइल सापडण्याच्या बातम्या आपण वाचतोच. यूएसबीचा एक सॉकेट दिला की त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळालंच म्हणून समजा. मग चार्जिंग कर्मचाऱ्याने करायचं. रोज संध्याकाळी नळ्या गोळा करायच्या, नंबर लावायचे, तास-दोन तास लावून ठेवायच्या, सकाळी ज्याची त्याला द्यायची. अदलाबदल झाली की भांडण, एक कमी भरली की झडती. आधीच अपुऱ्या असलेल्या शिपायांकडून हे रोज होणार नाही.

त्यात सोलापूरचा उन्हाळा. लिथियम-आयन सेल साधारण ० ते ४५ अंश सेल्सिअसमध्ये चार्ज करावा असं मानतात. एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४३-४४ पर्यंत जातो आणि वरच्या स्लॅबखालच्या बंद खोलीत त्याहून जास्त. अशा खोलीत ५०-६० स्वस्त सेल एका बोर्डावर लावले तर त्यातला एखादा फुगण्याची वाट पाहावी लागणार नाही. सेल आतून शॉर्ट झाला की उष्णता स्वतःच वाढत जाते, ज्वाला निघते, विषारी धूर येतो, आणि एकाची आग शेजारच्याला लागते. बराकीला बाहेरून कुलूप असतं, हे विसरून चालणार नाही.

मग चार्जिंग न लागणारं, वापरा-आणि-फेका प्रकारचं द्यावं?

हिशेब करून पाहू. समजा १०० जण वापरणारे आहेत आणि २ मिलिलीटरची एक नळी जेमतेम दोन दिवस पुरते. रोज ५० नळ्या, महिन्याला १,५०० मेलेले लिथियम सेल. प्रत्येक परत मोजून घ्यायचा, कारण ‘मेलेल्या’ सेलमध्येही ठिणगी पाडण्याइतका जीव असतो. दोन टोकांना तार लावून कागदी रुमाल पेटवणं अवघड नाही. फोडलेल्या नळीतून धातूची पत्री, तार आणि टोकदार तुकडे निघतात. शिवाय २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांमुळे हे सेल कचराकुंडीत टाकता येत नाहीत. खुद्द ब्रिटनने १ जून २०२५ पासून एकदाच वापरायच्या व्हेपची विक्री बंद केली.

वाफ धुरापेक्षा कमी वाईट असते ना?

सिगारेट-विडीच्या तुलनेत, हो. काही जळत नाही, म्हणून कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर जवळपास नसतं. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०१५ मध्ये ‘सुमारे ९५ टक्के कमी हानिकारक’ असा अंदाज दिला होता. तो आकडा ठोस मोजणीतून आलेला नव्हता, तज्ज्ञांच्या मतांवर उभा होता, म्हणून त्यावर टीकाही झाली. कमी घातक आणि निर्धोक यांत अंतर आहे. कापूस कोरडा पडला आणि कॉइल जास्त तापली की फॉर्माल्डिहाइड तयार होतं. निकोटिनमुळे नाडी आणि रक्तदाब वाढतो, ते धुरातून येवो की वाफेतून.

भेसळीचा धोका वेगळाच. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होण्याची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण दवाखान्यात दाखल झाले आणि ६८ दगावले. मुख्य कारण निघालं गांजाच्या अर्कात मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट. हा माल बहुतांशी अनधिकृत वाटेने आलेला होता. चोरवाटेने जेलमध्ये जाणारा मालही त्याच जातीचा असणार.

इंग्लंडच्या तुरुंगांत आणखी एक प्रकार चालतो. कृत्रिम गांजाची रसायनं कागदात मुरवून टपालाने आत पाठवतात, आणि तो कागद व्हेपच्या तापलेल्या कॉइलवर ठेवून ओढतात. साधी निकोटिनची नळी तिथे दुसऱ्याच नशेचं यंत्र झाली.

आत तंबाखू तर मिळतेच असं म्हणतात. मग बंदीचा उपयोग काय?

जिथे मागणी असते तिथे माल पोचतो. चेंडूत भरून भिंतीवरून फेकला जातो, चपलेच्या तळव्यात जातो, कधी आतल्याच माणसाकडून जातो. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि पानटपरीवरची स्थिती सगळ्यांना दिसते.

पण आत या चोरट्या मालाने होणारं नुकसान तब्येतीपुरतं नसतं. पुडी हे तिथलं चलन बनतं. बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट भावाने ती उधारीवर दिली जाते. उधारी फिटली नाही की नवा, गरीब, पहिल्यांदाच आलेला पोरगा दुसऱ्याचे कपडे धुतो, जेवणातला वाटा देतो, घरच्यांना फोन करून पैसे मागतो. घरून अचानक मनीऑर्डरची मागणी वाढली तर रागावण्याआधी त्याच्यावर उधारी चढली आहे का, हे मुलाखतीत हळूच विचारा. व्हेप कँटीनमध्ये आलं तरी हे थांबणार नाही. इंग्लंडात व्हेपच्या द्रवाच्या कॅप्सूल याच पद्धतीने उधारीत फिरतात. उधारीचा बाजार मोडायचा तर तलफ कमी करावी लागते, आणि ते काम औषध करतं.

तंबाखू एकदम तुटल्यावर माणसाला काय होतं?

पहिल्या दिवसातच बेचैनी सुरू होते. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात कठीण. चिडचिड, झोप न लागणं, लक्ष न लागणं, डोकं दुखणं, भूक वाढणं. सकाळी तंबाखू तोंडात धरल्याशिवाय संडासला न होणाऱ्यांना बद्धकोष्ठता होते, आणि तेच सगळ्यात जास्त तक्रार करतात. दोन ते चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. आत्महत्येचा विचार बोलून दाखवला तर ते तलफेचं म्हणून सोडू नका. अटकेनंतरचे पहिले दिवस तसेही जोखमीचे असतात. लगेच डॉक्टरांना कळवा.

एक घोळ टाळा. हात थरथरणं, दरदरून घाम, भास होणं, फेफरं, ही निकोटिन तुटल्याची लक्षणं नाहीत. हातभट्टी किंवा शिंदी रोज पिणाऱ्याची दारू तुटली की ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात आणि दोन-चार दिवसांत भ्रमाची अवस्था येते. यात माणूस मरू शकतो. त्याला तातडीने सिव्हिलला न्यावं लागतं.

व्हेप नाही, तर मग काय द्यायचं?

निकोटिनचं औषध. ते २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. त्यात धूर नाही, बॅटरी नाही, आणि मशेरीपासून विडीपर्यंत कोणत्याही सवयीवर डॉक्टर ते ठरवून देऊ शकतात.

*पट्टी.* २१, १४ आणि ७ मिलिग्रॅम अशा ताकदीत येते. दिवसाला १० पेक्षा जास्त सिगारेट ओढणाऱ्याला सहसा २१ ची सहा आठवडे, मग १४ ची दोन आणि ७ ची दोन. सकाळी कोरड्या, केस नसलेल्या कातडीवर, रोज जागा बदलून. तुरुंगासाठी आम्हाला हीच सगळ्यात योग्य वाटते, कारण दिवसातून एकदाच द्यायची असते आणि समोर लावता येते. पण जुनी पट्टी परत घेतलीच पाहिजे. वापरलेल्या पट्टीत निकोटिन उरतं. परदेशातल्या तुरुंगांत ते चहाच्या पत्तीत मुरवून कागदात गुंडाळून ओढल्याचे प्रकार झाले आहेत. म्हणून ‘जुनी द्या, नवी घ्या’, आणि नोंदवहीत सही.

*गोळी आणि गम.* दोन्ही २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली तंबाखू लागत असेल तर ४, नाहीतर २. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे दर चार-आठ तासांनी. २४ तासांत गम २४ च्या वर नाही आणि गोळ्या २० च्या वर नाहीत. गम साध्या च्युइंगमसारखं चघळत राहिलं तर निकोटिन पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं, आणि ‘औषध लागू पडत नाही’ असं म्हणून माणूस सोडून देतो. बरोबर पद्धत अशी: हळू चावायचं, जीभ चुरचुरली की थांबायचं आणि गाल व हिरडी यांच्या मध्ये धरून ठेवायचं. चुरचुर गेली की परत दोन-चार वेळा चावायचं. असं अर्धा तास. आधीची १५ मिनिटं आणि तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबूपाणी नको, कारण आंबटपणामुळे निकोटिन तोंडात शोषलं जात नाही. तंबाखू खाणाऱ्याला ही ‘धरून ठेवण्याची’ रीत दोन मिनिटांत समजते.

गमला कारागृहांचा विरोध असतो आणि त्याला कारण आहे. चिकट गम कुलपात भरता येतं, किल्लीचा ठसा घेता येतो. तिथे तोंडात ठेवून विरघळणारी गोळी घ्यावी.

ही औषधं सगळ्यांना चालतात का?

नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला, छातीत दुखणं वाढत चाललेलं, गरोदर बाई, अशांचं डॉक्टरांनी बघून ठरवायचं. मानसिक आजाराची औषधं घेणाऱ्यांबाबत एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. विडी-सिगारेटच्या धुरातली रसायनं यकृताला क्लोझापिन आणि ओलान्झापिन लवकर संपवायला लावतात. रोज बंडल ओढणारा माणूस आत आला, धूर एकदम थांबला, की तोच जुना डोस रक्तात वाढतो आणि तो गुंगीत पडून राहतो. हे धुरामुळे होतं, निकोटिनमुळे नाही, म्हणून पट्टी लावूनही डोस बदलावा लागू शकतो. तंबाखू नुसती खाणाऱ्याला हा प्रश्न येत नाही. दम्यासाठी थिओफिलिन घेणाऱ्यालाही हेच लागू आहे.

माव्यातल्या सुपारीचं व्यसन निकोटिनच्या औषधाने जात नाही. तोंड किती उघडतं ते बघा. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील, तिखटाने आग होत असेल, पांढरा चट्टा असेल, तर दंतवैद्याला दाखवणं आधी.

आमचा माणूस कालच आत गेला. आम्ही आता काय करायचं?

अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीत (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५३) आणि जेलमध्ये दाखल होतानाच्या तपासणीत सवय सांगायला त्याला बजावा. बायका मशेरीला तंबाखू समजत नाहीत, म्हणून ‘तंबाखू खाता का’ला नाही म्हणतात. तिथे नाव घेऊनच विचारलं पाहिजे. हा प्रश्न तेलुगू, कन्नड किंवा दख्खनीत विचारला तर सोलापुरात निम्मं काम होतं.

मग अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज द्या. त्यात बंद्याचं नाव, दाखल तारीख, काय घेतो, दिवसाला किती पुड्या किंवा बंडलं, उठल्यापासून किती वेळात पहिली लागते, दुसरे आजार, चालू औषधं आणि जुन्या चिठ्ठीची प्रत. शेवटी एकच मागणी: कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तपासून निकोटिनचं औषध द्यावं किंवा सिव्हिलला पाठवावं. पोचपावती घ्या. बंद्याने स्वतः डॉक्टर मागितला तर ते विनाविलंब कळवणं तुरुंग कायद्याच्या कलम ३७ ने बंधनकारक आहे. औषध स्वतः विकत घेऊन मुलाखतीत देऊ नका, तेही जप्त होईल. आठवड्यात काही हाललं नाही तर वकिलामार्फत कोर्टात वैद्यकीय उपचारासाठी अर्ज करा. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो.

कैद्याला एवढं लाड कशाला? व्यसन सुटलं तर बरंच.

आतल्या बहुसंख्यांवर अजून गुन्हा शाबीत झालेला नाही. ज्यांच्यावर झाला आहे त्यांची शिक्षा स्वातंत्र्य जाणं एवढीच आहे. बाहेरच्या नागरिकाला मिळतो त्याच दर्जाचा उपचार बंद्याला मिळावा, असं संयुक्त राष्ट्रांच्या मंडेला नियमांत, म्हणजे कैद्यांना कसं वागवावं याच्या नियमांत, लिहिलं आहे. आणि जबरदस्तीने तुटलेली तंबाखू टिकत नाही. औषध आणि बोलणं मिळालं तर काहींची खरंच सुटते.

सोलापूर विड्यांवर जगतं. इथेच तंबाखूविरुद्ध बोलायचं?

हजारो बायका पान कातरून, जर्दा भरून, दोरा गुंडाळून घर चालवतात. हजार विड्यांमागचा दर आणि पानांची प्रत याचा झगडा त्यांचा रोजचा आहे. त्यांच्या मजुरीबद्दल इथे एक शब्दही वाकडा नाही. त्यांच्यातली कोणी बाई आत आली तर डॉक्टरांनी तिला विडी वळण्याबद्दलही विचारावं, कारण जर्द्याची धूळ आणि कातडीतून शरीरात जाणारं निकोटिन तिच्या लक्षणांत मिसळलेलं असू शकतं.

कर्मचारी स्वतः तंबाखू मळतात, त्यांचं काय?

त्यांच्यापासूनच सुरुवात व्हावी. साहेबांच्या टेबलावर डबी आणि बराकीत बंदी, हे टिकत नाही. ज्या परदेशी तुरुंगांत हे पार पडलं तिथे नियम कर्मचाऱ्यांनाही लागू होता, त्यांनाही मदत दिली होती आणि तारीख बरीच आधी जाहीर होती.

सुटल्यावर काय?

पहिला आठवडा सगळ्यात निसरडा. सुटकेच्या दिवशी औषधाची चिठ्ठी आणि उरलेल्या आठवड्यांचा तक्ता मागून घ्या. पुढचं सिव्हिलच्या ओपीडीत चालू ठेवता येतं. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन १८००-११-२३५६ आहे. न्यायला येणाऱ्या मित्रांना आधीच सांगून ठेवा की पार्टी करायची तर जेवणाची करा, मावा आणू नका.